आपल्या घरचा मसाला : एक ऐतिहासिक टिपण

यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या इतिहासावर काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा आम्ही काहीसे संकोचलो. आपल्या वैश्यवाणी ज्ञातीची मूळ ठाणी, कुलदेवता, आडनावांच्या व्युत्पत्ती आणि जुन्या पेढ्यांचे संस्थापक यांविषयी अधिकारी व्यक्तींनी वेळोवेळी लिहिले आहे. त्यांत भर घालण्याइतकी आमची विद्वत्ता नाही. परंतु ज्या जिनसांच्या क्रयविक्रयावर आपल्या पूर्वजांच्या कित्येक पिढ्या जगल्या, ज्यांना मराठीत अद्यापि 'वाणसामान' हेच नाव आहे, त्या जिनसांपासून आपल्या घरोघरी सिद्ध होणाऱ्या मसाल्याचा इतिहास कोणी सांगितलेला आमच्या पाहण्यात नाही. दुकानाचा इतिहास लिहिला गेला. स्वयंपाकघराचा लिहावयाचा राहिला. ती उणीव अल्पस्वल्प भरून काढावी, आणि त्याच वेळी आमच्या स्वतःच्या घरातील एका चुकीची कबुली ज्ञातिबंधुभगिनींपुढे द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मिरचीपूर्वीचे स्वयंपाकघर

'आमच्या ज्ञातीचा मसाला पुरातन आहे' असे आपण अभिमानाने म्हणतो. या अभिमानास पहिला धक्का मिरचीच देते. आज जिच्यावाचून आपला मसाला कल्पिताही येत नाही, ती मिरची मूळची अमेरिका खंडातील. कोलंबस त्या खंडाच्या बेटांवर पोहोचला १४९२ मध्ये. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये. आणि पोर्तुगीजांनी गोवे घेतले १५१० मध्ये. त्यानंतर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. म्हणजे ज्ञानेश्वर माऊलींच्या काळी महाराष्ट्रातील एकाही घरात मिरची नव्हती.

मग पूर्वी तिखटपणा कशाने आणीत? मिरे, सुंठ, पिंपळी, मोहरी आणि हिंग यांनी. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर प्रकरण आहे. त्यात मिरे, सुंठ, जिरे, धणे, हळद, हिंग हे सारे भेटतात. मिरची तेवढी भेटत नाही. 'मिरची' हे नावच 'मिरे' या शब्दावरून पडले, यातच सारा इतिहास आला. पाहुणीने यजमानाचे नाव घेतले आणि पुढे त्याचे आसनही घेतले. जुन्या व्यवस्थेची खूण मात्र आपल्या घरांतून पुरती पुसली गेलेली नाही. बाळंतिणीच्या आहारात आपण मिरची टाळतो आणि मिरे, सुंठ, पिंपळमूळ यांचा आश्रय घेतो. ते चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्राचे स्वयंपाकघरच होय.

मिरची इतक्या लवकर सर्वत्र का रुजली, याचे कारण उघड आहे. मिऱ्याच्या वेलीस दमट हवा, आधारास झाड आणि भरपूर पाऊस लागतो. म्हणून मिरे मलबार-कोकणच्या पट्ट्यातून विकत आणावे लागे. मिरची घाटावरच्या कोरड्या जमिनीतही येते, काही महिन्यांत फळते आणि उन्हात वाळवली की वर्षभर टिकते. गरिबाला परसात तिखट पिकवता येऊ लागले. मिऱ्याची मिरास मोडली ती या सोयीने.

बंदर आणि घाटवाट

मसाल्याच्या डब्यातील इतर जिनसांचा प्रवास याहून लांबचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल या आपल्या बंदरांची नावे आहेत, आणि केरळातील मुझिरिस बंदरातून मिरे भरून नेणाऱ्या जहाजांचे वर्णन आहे. रोमचा ग्रंथकार प्लिनी तर, हिंदुस्थान दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स शोषून घेतो, अशी तक्रार करतो.

लवंग मूळची मोलुक्का बेटांची आणि जायफळ-जायपत्री बांदा बेटांची. या जिनसांच्या मक्तेदारीसाठी डच कंपनीने १६२१ मध्ये बांदाच्या रहिवाशांची भयंकर कत्तल केली. त्याच डचांनी १६३७ मध्ये आपल्या वेंगुर्ल्यास वखार घातली. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्रज राजापुरास वखार घालून बसले, आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती वखार काबीज केली. हिंग तर इराण-अफगाणिस्तानकडचा. आपल्या देशात तो पिकतच नव्हता. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात शास्त्रज्ञांनी त्याची रोपे प्रथम लावली ती २०२० च्या ऑक्टोबरात. चक्रीफूल म्हणजे आपल्या आजीचे 'बाद्यान' चीन-व्हिएतनामच्या बाजूचे. दगडफूल हे फूलही नव्हे. ते खडकांवर व झाडांच्या सालींवर वाढणारे शैवाक होय.

लवंगेच्या व्यापारातील एक प्रसंग व्यापारी ज्ञातीने विशेषेकरून स्मरणात ठेवण्याजोगा आहे. पुढील काळात आपल्याकडची बहुतेक लवंग पूर्व आफ्रिकेतील झांजिबार बेटाहून येऊ लागली. तेथील ब्रिटिश सत्तेने केलेल्या कायद्यांमुळे लवंगेच्या धंद्यातून हिंदी व्यापारी उखडले जाऊ लागले. तेव्हा १९३७-३८ मध्ये राष्ट्रीय सभेच्या प्रेरणेने हिंदुस्थानात झांजिबारी लवंगेवर बहिष्कार पडला. हिंदुस्थान हे तिचे फार मोठे गिऱ्हाईक असल्याने झांजिबारच्या सरकारास १९३८ मध्ये तडजोड करावी लागली. चिमूटभर लवंगेवाचून केलेल्या मसाल्याने समुद्रापलीकडील सरकार नमते, हे त्या वर्षी दिसून आले.

आमचे घराणे फोंडाघाटाच्या पायथ्याकडील. बंदरावरचा माल घाटावर आणि घाटावरचा माल बंदरावर, या येरझारीत आमच्या पूर्वजांचे दुकान उभे राहिले. कोकणातून नारळ, आमसुले, मीठ आणि सुकी मासळी वर जाई. वरून मिरची, हळद, गूळ आणि धणे खाली येत. पूर्वी हे सारे लमाणांच्या बैलांवरून, नंतर गाडीवाटेने, पुढे मोटारीने. आपण ज्याला 'मालवणी मसाला' म्हणतो, त्यातली मिरची मालवणची नाहीच. ती संकेश्वरची आणि ब्याडगीची. म्हणजे दोन्ही आज कर्नाटक राज्यात असलेल्या गावांची. हळद बहुधा सांगलीच्या पेठेतली. सांगलीजवळ हरिपूर येथे जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवीत, हे आमच्या पिढीने वडिलांच्या तोंडून ऐकले आहे. ब्याडगीच्या मिरचीस २०११ मध्ये आणि सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

खरेदीची पारख

आमचे चुलते दुकानावर बसत. सुट्टीत आम्हांस ते जिनसांची पारख शिकवीत, ती येथे थोडक्यात नमूद करतो. कारण मसाल्याचे निम्मे यश उखळात नसून खरेदीत असते.

ब्याडगी, म्हणजे आपली बेडगी मिरची, लांब, सुरकुतलेली आणि गडद तांबडी असावी. तिचे काम रंग देण्याचे. तिखटपणा तिच्यात बेताचाच. संकेश्वरी रंगाने फिकी पण तिखटास खरी. म्हणून दोन्ही लागतात. मूठभर मिरच्या कानाशी हलवल्यास आतले बी खुळखुळले पाहिजे. मुठीत दाबून त्या मऊ लागल्या तर त्यांत ओल आहे असे समजावे. हळकुंड मोडून पाहावे. आत गर्द केशरी-पिवळे दिसले पाहिजे. लवंगेस टोपी असावी, आणि नखाने दाबल्यास तेल सुटावे. तेल काढून घेतलेली लवंग पाण्यावर आडवी तरंगते, चांगली लवंग बुडते वा उभी राहते. मिऱ्यात पपईचे बी मिसळलेले असल्यास ते पाण्यात वर येते. दालचिनी पातळ सालीची, गुंडाळलेली हवी. जाड, खरखरीत साल बहुधा निराळ्या झाडाची असते.

येथे एक कटू सत्य सांगणे प्राप्त आहे. ही पारख गिऱ्हाइकास करावी लागते, याचा दोष गिऱ्हाइकाचा नव्हे. वजन वाढावे म्हणून मिरचीवर पाणी शिंपडणारे, हळदीच्या पुडीत रंग घालणारे लोक आपल्याच व्यवसायात होते व आहेत. ओल्या मिरचीवर बुरशी धरते आणि त्या बुरशीतून यकृतास घातक विष उत्पन्न होते, हे आता शास्त्राने सिद्ध केले आहे. शेतमालाच्या प्रतवारीचा, ज्यातून 'अॅगमार्क'ची खूण आली तो कायदा १९३७ चा. भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. त्याची जागा घेणारा अन्नसुरक्षेचा कायदा २००६ चा. कायदे झाले ते व्यापाऱ्याच्या शब्दावरचा विश्वास ढळला म्हणून, ही गोष्ट व्यापारी म्हणवणाऱ्या ज्ञातीने आपल्या स्मरणिकेत झाकून ठेवू नये असे आम्हांस वाटते.

वैशाखातील उद्योग

चैत्र-वैशाखात, पावसाळ्याची बेगमी करण्याच्या दिवसांत, घरोघरी मसाल्याचा उद्योग चाले. खळ्यात चटया अंथरून मिरच्यांना तीन-चार कडक उन्हे दाखवीत आणि देठ खुडून ठेवीत. मग खडा मसाला भाजावयाचा. त्याचा क्रम ठरलेला असे. हळकुंडे आणि हिंगाचे खडे थोड्या तेलात तळून घ्यावयाचे. धणे, बडीशेप, जिरे मंद आचेवर भाजावयाचे. लवंग, मिरे, दालचिनी, मसाला वेलची, चक्रीफूल, जायपत्री, नागकेशर आणि तमालपत्र थोड्या तेलावर परतावयाचे. खसखस कोरडीच आणि अगदी शेवटी, कारण ती पाहता पाहता करपते. दगडफुलातील माती-खडे निवडून त्यास आच केवळ दाखवावयाची. हे सर्व निवाल्यावर उखळात कुटावयाचे, वस्त्रगाळ करावयाचे, चाळणीवर राहिलेला चोथा पुन्हा कुटावयाचा. तयार मसाला रात्रभर परातीत पसरून ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी चिनी मातीच्या बरण्यांत दाबून भरीत. वर हिंगाचे दोन खडे ठेवीत, म्हणजे कीड लागत नसे.

भाजण्याचे काम घरच्या स्त्रियांचे. कुटण्याचे काम मात्र मोलाने येणाऱ्या कांडपिणींचे. आमच्याकडे पलीकडच्या वाडीतील एक बाई येत असत. त्या आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या. आम्ही मुले त्यांना काकी म्हणत असू. त्या पडवीत बसून दिवसभर मुसळ चालवीत. डोळ्यांतून पाणी वाहे, शिंकांनी जीव हैराण होई, हातांची आग शमावी म्हणून सायंकाळी मुठेल चोळीत. कांडणावळ म्हणून त्यांना भात मापून मिळे. भरलेल्या बरण्या आत माजघरात जात. काकींचे पाऊल पडवीच्या आत कधी पडले नाही. त्या काळी तशी रीतच होती. आम्हांसही त्यात काही वावगे दिसले नाही, हे लिहिताना आज लाज वाटते.

एका कागदाची हकीकत

आता आमच्या चुकीविषयी. आमच्या आजीचा मसाला पंचक्रोशीत नावाजलेला. तिने तोंडी सांगितलेले प्रमाण १९५४ च्या वैशाखात आमच्या वडिलांनी खतावणीच्या एका कोऱ्या पानावर उतरून घेतले होते. 'मिरची २ शेर, धणे ४ शेर, बडीशेप १० तोळे, खसखस १० तोळे, हळकुंडे १० तोळे, लवंग ५ तोळे,' याप्रमाणे ती यादी होती. आमच्या मातोश्रींना त्या कागदाची गरज कधी पडली नाही. त्यांचा हात बसलेला होता. आम्ही शाळेत मुलांना वजने-मापे शिकवणारे, परंतु आईजवळ बसून एकदाही तिचे धणे मोजून पाहिले नाहीत. १९९४ मध्ये ती वारली.

दोन वर्षांनी आम्ही व आमच्या सौभाग्यवतींनी कागद पुढे ठेवून मसाला करावयास घेतला. १९५६ च्या कायद्यान्वये १९६२ पर्यंत देशभर दशमान पद्धती येऊन शेर-तोळे इतिहासजमा झाले होते. तेव्हा आम्ही ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम असा हिशेब मांडला, आणि निम्म्या प्रमाणात एक किलो मिरचीस दोन किलो धणे घेतले. मसाला झाला तो मातकट रंगाचा, गोडसर आणि पिठूळ. त्याची आमटी गोळ्यासारखी घट्ट झाली. पुढल्या वर्षी मिरची बदलली, दुकान बदलले, फळ तेच. ज्या लहानशा शहरात आम्ही नोकरीस होतो तेथील दुकानदारासही आम्ही बोल लावला. अखेर 'आजीचा हात आजीबरोबर गेला' अशी घरात समजूत करून घेतली.

१९९८ च्या मे महिन्यात गावी गेलो असता काकींना भेटावयास त्यांच्या घरी गेलो. त्या फार थकल्या होत्या. बोलता बोलता मसाल्याची गोष्ट निघाली व आम्ही कागद वाचून दाखवला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मास्तरांनू, धणे काट्यार खंय घालतत? धणे मापान. काट्यार ती मिरसांग."

आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुन्या व्यवहारात शेर दोन होते. एक तागडीवरचा वजनाचा, दुसरा धान्य मोजण्याच्या मापाचा. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली, हे कोष्टक आमच्या वडिलांच्या पिढीस तोंडपाठ होते. मिरची मापात मावत नाही म्हणून ती तोलीत. धणे धान्यासारखे मापीत. धणे हलके आणि पोकळ. मापाचा शेरभर धणे तागडीत घातले तर वजनी शेराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भरतात. म्हणजे एक किलो मिरचीस दोन किलो नव्हे, सुमारे साडेसहाशे ग्रॅम धणे हवे होते. सांगणाऱ्या आजीस आणि लिहिणाऱ्या वडिलांस कोणता शेर कोणता हे इतके स्वाभाविकपणे ठाऊक होते की ते लिहिण्याचे कारणच पडले नाही. त्या वर्षी काकींच्या सांगण्याप्रमाणे मसाला केला, आणि बरणी उघडताच घरात आजी आल्यासारखे झाले. पहिला डबा आम्ही काकींच्या घरी नेऊन दिला. त्यांनी तो हुंगला आणि "ह्यो खरो," एवढेच म्हणाल्या. पुढच्या पावसाळ्यात त्याही गेल्या.

आम्ही ज्याला आमच्या ज्ञातीचे गुह्य समजत होतो, ते ज्ञातीबाहेरच्या आणि आमच्या उंबऱ्याबाहेर बसवलेल्या एका स्त्रीने चाळीस वर्षे हातांत सांभाळून ठेवले होते. आमच्याजवळ कागद होता. ज्ञान त्यांच्याजवळ होते.

एक विनंती

मराठीत पाकशास्त्राची छापील पुस्तके थोडीथोडकी नाहीत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० चे. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० ची, तिने तर वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी पोहोचवले. परंतु प्रत्येक घरचा मसाला निराळा असतो, आणि तो कोणत्याही पुस्तकात नसतो. आज आपल्या सुना-मुली नोकरी-व्यवसाय सांभाळून संसार करतात. त्यांनी मिरच्या खुडीत वैशाख घालवावा असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. उखळाची जागा कांडपयंत्राने घेतली हे कांडपिणींच्या तळहातांच्या दृष्टीने उत्तमच झाले. लालबागच्या मसाला बाजारात जाऊन आपल्यासमोर जिनसा निवडून, भाजून, कुटून घेता येतात. तयार पुडाही मिळतो. यांपैकी काहीही करावे. प्रमाण तेवढे हरवू देऊ नये.

म्हणून आमची ज्ञातिसंस्थेस नम्र सूचना आहे की, पुढील स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी दोन-चार पृष्ठे घरोघरच्या मसाल्यांसाठी राखावीत. प्रत्येक घराने आपले प्रमाण ग्रॅममध्ये लिहून पाठवावे. मिरची कोणत्या गावची, भाजण्याचा क्रम कोणता, हेही लिहावे. ज्या आजीने वा आईने तो मसाला सिद्ध केला तिचे नाव लिहावे, आणि ज्या बाईने तो कुटला तिचे नाव ठाऊक असल्यास तेही अवश्य लिहावे. ज्यांच्या माता हयात आहेत त्यांनी आमच्यासारखा विलंब करू नये. या वैशाखातच तागडी घेऊन त्यांच्याजवळ बसावे.

मिरची अमेरिकेची, लवंग मोलुक्काची, हिंग इराणचा, हळद सांगलीची, भाजणारे हात आजीचे आणि कुटणारे हात काकींचे. इतक्यांचे ऋण एका बरणीत भरलेले आहे. हा मसाला आपला आहे हे खरे, परंतु तो केवळ आपला नाही, एवढे स्मरण ठेवून त्याचा अभिमान बाळगावा. कुलदेवता आपणां सर्वांच्या घरच्या बरण्या भरलेल्या ठेवो. इत्यलम्.